एका टोपातले जेवणारे

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. डोक्यावर घालायचा नव्हे, चुलीवर चढवायचा. ॲल्युमिनियमचा, दोन कानांचा, एका बाजूला मोठा पोचा पडलेला. माझे झाकण मूळचे माझे नाही. ते दुसऱ्याच कुठल्या भांड्याचे आहे आणि सैल बसते, त्यामुळे उकळी आली की माझा खडखडाट सुरू होतो. काही जण त्याला माझी बडबड म्हणतात. म्हणोत बापडे! अग्निशमन केंद्राच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढल्यावर एवढी बडबड करायचा हक्क मला नक्कीच आहे.

माझा जन्म कारखान्यातला. एका यंत्राने एकाच दणक्यात सपाट पत्र्याचा टोप केला, तो मी. खरे तर मला एका मोठ्या हॉटेलात जायचे होते, पण माझा एक कान वाकडा बसला आणि हॉटेलवाल्याने मला नापसंत केले. मी दुकानात धूळ खात पडलो होतो. तेवढ्यात अग्निशमन दलाचे जवान आले, त्यांनी मला वाजवून पाहिले, आत डोके घालून पाहिले आणि उचलून गाडीत टाकले. वाकड्या कानाचे त्यांना काहीच वाटले नाही. त्यांच्यातही कुणाचे नाक मोडलेले होते, कुणाचे बोट भाजलेले.

आमचे गाव क्रोएशियात, दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर आहे. पुढे समुद्र, मागे पांढऱ्या दगडांचा डोंगर, मध्ये पाइनची झाडी आणि द्राक्षांचे मळे. उन्हाळ्यात डोंगरावरून बुरा नावाचा सोसाट्याचा वारा सुटला की एक ठिणगीसुद्धा पुरते. अशा दिवसांत जवान डोंगरावर आणि त्यांच्यामागून गाडीत बसून मी. आगीशी झुंजणाऱ्या माणसाला पाण्याच्या खालोखाल गरज असते ती गरम जेवणाची, असे माझे मत आहे. हे मत माझ्या सोयीचे आहे हे मला कळते.

पण माझा खरा मान मारेंदाचा. सकाळची न्याहारी पोटात विरली आणि दुपारचे जेवण अजून लांब आहे, अशा मधल्या वेळी आमच्याकडे जे खातात ती मारेंदा. ती चुकली तर इथला माणूस दिवसभर तिरसट वागतो. केंद्रात सगळ्यांची मारेंदा एकच, एकाच टोपातली. कधी घेवडा आणि मॅकरोनी घालून शिजवलेला पाष्टा-फाझोल, कधी माशांचा लालबुंद ब्रुदेत. स्वयंपाक पाळीपाळीने होई. मला घासायचे काम मात्र केंद्रात सगळ्यांत नव्या असलेल्या जवानाचे. त्याच्यानंतर दुसरा नवा आला की पहिल्याची सुटका. कमांडरसाहेबांनीही तरुणपणी मला घासलेले आहे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे, कारण पाळी प्रत्येकावर येई आणि प्रत्येकावरून जाई.

आणखी एक रीत होती. दोघांचे भांडण झाले की ते मारेंदाला मिटवायचे. कमांडर पाव हातात घेत, त्याचे दोन तुकडे करत आणि एकेक तुकडा दोघांच्या हातावर ठेवत. दोघांनी तो माझ्यातल्या रश्शात बुडवून खाल्ला की विषय संपला. शिडी कुणी वाकवली, फुटबॉलमध्ये गोल झाला की नाही, गाडीची किल्ली कुणी हरवली, असली किती भांडणे माझ्या वाफेत विरून गेली! मला वाटे, जगातली कुठलीही कटकट माझ्यासमोर आणा, मी मिटवतो.

कमांडरांचे नाव लुक्षा. वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना बार्बा म्हणत, म्हणजे काका. मऊ मनाचे गृहस्थ. कुणाचे बाळ आजारी पडले तर रजा मागायच्या आत रजा देणारे. आपले केंद्र म्हणजे एक घर आहे असे ते मनापासून मानत, आणि पुढचे सगळे त्यातूनच घडले.

तोन्का आली त्याआधी केंद्रात एकही बाई जवान नव्हती. ती कोळ्याची मुलगी. आधी बोटीवर दोर ओढायचे काम केलेली, त्यामुळे दंड चांगले भरलेले. सगळ्या परीक्षा पास होऊन आली होती. सगळ्यांत नवी म्हणून मी तिच्या ताब्यात गेलो. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला पुष्कळांनी घासले, पण तिच्यासारखे कुणीच नाही! तारेची घासणी घेऊन ती माझ्या तळाशी अशी भिडायची की वर्षानुवर्षांची काजळी निघाली आणि मला माझा मूळचा रंग पहिल्यांदा दिसला. काम झाले की ती माझ्या पाठीवर एक चापट मारायची आणि गुणगुणत निघून जायची.

तिच्या शिफ्टचा प्रमुख होता स्लावेन. वाईट माणूस लांबून ओळखू आला असता तर किती बरे झाले असते! पण स्लावेन शूर होता. जळत्या घरातून त्याने माणसे बाहेर काढल्याचे मी ऐकले आहे. गळा गोड, गप्पांमध्ये पहिला. त्याच्या विनोदावर हसला नाही असा माणूस केंद्रात नव्हता. आणि त्याच्या विनोदावर हसले नाही तर पुढचा विनोद आपल्यावर होतो, हेही सगळ्यांना ठाऊक होते.

"काय राजकुमारी, नखं नाही ना तुटली?" ती मला घासत असली की तो दारात उभा राहून विचारी. "घरी नवरा असता तर त्यालाही असंच घासलं असतंस का गं?"

"नवरा असता तर त्याला तुझ्याच शिफ्टमध्ये घातला असता," तोन्का म्हणे. "आपोआप पळून गेला असता, मला कष्टच नको."

सगळे खो खो हसत. स्लावेनही हसे, पण त्याचे हसणे लवकर थांबे. मी ते पाहत असे.

मग तिच्या बुटात मेलेला मासा निघाला. तिच्या कोटाच्या बाह्यांना गाठी मारलेल्या सापडल्या. धुरात घालायच्या तिच्या मुखवट्याचा पट्टा कुणीतरी सैल करून ठेवला. बायकांसाठी कपडे बदलायची वेगळी खोली केंद्रात नव्हती, म्हणून ती माझ्या शेजारच्या कोठीत दार लावून कपडे बदलायची. स्लावेनला नेमके तेव्हाच कोठीतले काहीतरी हवे असायचे. "अरेच्चा, तू आत आहेस होय!" असे तो दर वेळी म्हणायचा. दर वेळी! तिने आतून खुर्ची लावायला सुरुवात केली, तर दुसऱ्या दिवशी कोठीतली खुर्ची गायब झाली.

पुढे रोको नावाचा नवा जवान आला. रीतीप्रमाणे तो पहिल्याच दिवशी बाह्या सरसावून माझ्याकडे आला.

"ठेव तो खाली," स्लावेन टेबलावरून म्हणाला. "टोप तोन्काचा. भांडी घासायची जन्मजात सवय असते त्यांना. आपण कशाला मध्ये पडा?"

रोकोने तोन्काकडे पाहिले, मग स्लावेनकडे पाहिले आणि घासणी खाली ठेवली. रोकोनंतर आणखी एक नवा आला, तोही सुटला. मी तोन्काकडेच राहिलो. ज्या कामात कधी कुणाला कमीपणा वाटला नव्हता, त्याच कामाचा तिच्यासाठी दंड झाला. काम तेच होते, टोपही तोच होता. तिने उत्तरे देणे बंद केले. गुणगुणणेही बंद झाले. नळ पूर्ण सोडला की स्वयंपाकघरातले बाहेर काही ऐकू जात नाही, हे तिला कळले होते. मी मात्र नळाखालीच असायचो.

एका सकाळी बार्बा लुक्षा कॉफी करायला स्वयंपाकघरात आले तेव्हा तिने हात पुसले.

"बार्बा, थोडा वेळ आहे? दार लावू का?"

"दार कशाला लावतेस पोरी, घरातल्या घरात? बोल ना."

तिने हळू आवाजात सांगितले. मासा, कोट, पट्टा, कोठी, सगळे. बार्बांची कॉफी उतू गेली तरी त्यांचे लक्ष नव्हते. त्यांना खरोखर वाईट वाटले होते.

"मी मिटवतो," ते म्हणाले. "माझ्यावर सोड. असं काही आपल्याकडे राहू द्यायचं नाही."

"मला कुणाला शिक्षा नको आहे, बार्बा. हे फक्त थांबायला हवं. आणि एक विनंती आहे..."

तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला आणि बार्बा "माझ्यावर सोड, माझ्यावर सोड" म्हणत धावले. विनंती तशीच तिच्या ओठांवर राहिली.

दुसऱ्या दिवशी माझ्यात पाष्टा-फाझोल होता. सगळे टेबलाभोवती बसल्यावर बार्बा पाव घेऊन उभे राहिले.

"पोरांनो, आपली तोन्का थोडी नाराज आहे," ते म्हणाले. "स्लावेन, तुझी मस्करी तिला लागते. माझ्याकडे येऊन रडली बिचारी. आता दोघं हा पाव घ्या, हात मिळवा आणि झालं गेलं विसरा."

तोन्काचा चेहरा पांढरा पडला. ती बार्बांसमोर रडली नव्हती. एकदाही नाही.

स्लावेनने छातीवर हात ठेवला. "अरे देवा! तोन्का, मला सांगायचं ना! मी तर तुला बहीण मानत होतो!" आणि तो उठून, सगळ्यांच्या देखत, तिच्या गळ्यात पडला. ती ताठ उभी होती. तिचे हात खाली लटकत होते. टाळ्या पडल्या. बार्बांनी डोळे पुसले. सगळे छान मिटले असे समजून ते दुप्पट जेवले.

मित्रांनो, दोघे सारखे असतात तेव्हा पावाचे दोन तुकडे पुरतात. इथे एकाच्या हातात कामाच्या पाळ्या होत्या, गाडीतल्या जागा होत्या, सगळ्यांचे हसणे होते. दुसरीच्या हातात फक्त पावाचा तुकडा होता. शिडीचे भांडण मिटवायची रीत बार्बांनी या गोष्टीला लावली, आणि आमच्याकडचा कुठलाही भला माणूस त्यांच्या जागी असता तर त्यानेही हेच केले असते. म्हणून मला त्यांचा राग कमी आणि वाईट जास्त वाटते.

त्यानंतर मस्करी थांबली. मासे थांबले, गाठी थांबल्या, आणि बोलणेही थांबले. तोन्का आत आली की टेबलावरची चर्चा कापल्यासारखी बंद होई. "जपून रे, उद्या पुन्हा पाव कापावा लागेल," असे कुणीतरी पुटपुटे. मग जवान घरून कागदात गुंडाळलेली सँडविच आणू लागले. तिची स्वयंपाकाची पाळी आली तेव्हा तिने वडिलांच्या होडीतले मासे आणून ब्रुदेत केला. असा वास सुटला होता की माझे झाकण थाऱ्यावर राहीना. एकाही माणसाने वाटी पुढे केली नाही. फ्राने नावाचा म्हातारा ड्रायव्हर तेवढा उठला. त्याने झाकण उचलले, खोल श्वास घेतला, वळून स्लावेनकडे पाहिले आणि झाकण पुन्हा ठेवून दिले. तोन्काने एकटीने टेबलावर बसून आपली बशी संपवली, शेवटच्या घासापर्यंत. उरलेला ब्रुदेत मांजरांनी खाल्ला. भरलेल्या पोटी उपाशी राहणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले.

आता उन्हाळ्यातली ती आग. दुपारची वेळ, बुरा सुटलेला, मळ्यांच्या वरची झाडी पेटलेली. मी टँकरच्या मागच्या फळीवर बांधलेला होतो. पंपाच्या दांड्यावर फ्राने होता आणि त्याच्या शेजारी वॉकी-टॉकी घेऊन स्लावेन. तोन्का दुसरी नळी घेऊन वर, दगडी बांधाच्या पलीकडे गेली होती.

वारा थोडा पडला तसा स्लावेन म्हणाला, "दुसरी बंद कर."

फ्रानेने त्याच्याकडे पाहिले. "ती वर आहे."

"बंद कर रे क्षणभर. बघू, राजकुमारी कशी बोलते ते."

फ्रानेने दांडा ओढला. नळी सपाट होत गेलेली मी पाहिली.

"दुसऱ्या नळीचं पाणी गेलं!" वॉकी-टॉकीतून तोन्काचा आवाज आला. "पाणी सोडा!"

"ऐकू येत नाही," स्लावेन म्हणाला. "नीट माग. कृपया म्हण."

वारा पुन्हा वळला. बांधापलीकडे झाडी धडधडली.

"पाणी! स्लावेन, आग बांधावर आलीय!" आणि मग अगदी वेगळ्या, बारीक आवाजात, "कृपया. कृपा करून पाणी द्या."

स्लावेनचे हसू मावळले. तो काही बोलायच्या आत फ्रानेने स्वतःच दांडा ढकलला. पाणी गेले. तोन्का परत आली तेव्हा तिच्या भुवया जळालेल्या होत्या आणि एका कानाला फोड आले होते. स्लावेन मोठ्याने म्हणाला, "पंपात कचरा अडकला होता," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

या वेळी तोन्का बार्बांकडे गेली नाही. तिने थेट जिल्ह्याच्या मुख्यालयात तक्रार केली. काही दिवसांनी तिथून चौकशीसाठी नेवेंकाबाई आल्या. बुटक्या, जाड चष्म्याच्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या. आधी त्यांनी बार्बांना विचारले, "चौकशी होईपर्यंत काय व्यवस्था केलीत?"

"तोन्काला शेजारच्या गावी पाठवतो," बार्बा म्हणाले. "तिलाही बरं वाटेल."

"जिला त्रास झाला तिनंच सामान बांधायचं? स्लावेनना दुसरीकडे बसवा. आणि मला एक खोली द्या. दार लागणारी."

दार नीट लागेल अशी एकच खोली होती, स्वयंपाकघर. म्हणून पुढचे सगळे माझ्या कानावर पडले. बाई एकेकाला आत घेत, दार लावत, खिडकीसुद्धा लावत. तोन्काला त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "तुम्हाला यातून काय व्हायला हवं आहे?" हा प्रश्न तिला तोवर कुणीच विचारला नव्हता. बाई थांबल्या. फोन वाजला तेव्हा त्यांनी तो न बघताच बंद केला.

"मला माझं काम करायचंय," तोन्का अखेर म्हणाली. "मी हाक मारली की पाणी यायला हवं. बास."

मग बाकीचे आले. कोठी? माहीत नाही, मी गाडी धूत होतो. मासा? मी गाडी धूत होतो. आगीच्या वेळी? मी पलीकडे होतो, आणि नंतर गाडी धूत होतो. या हिशेबाने त्या वर्षी आमच्याइतकी स्वच्छ गाडी साऱ्या किनाऱ्यावर कुणाची नसणार! बार्बा आले आणि म्हणाले की आपण तर सगळ्यांना एका टेबलावर बसवून प्रेमाने मिटवले होते.

"सगळ्यांसमोर बोललेलं चालेल का, हे तिला विचारलं होतं?"

बार्बांनी डोक्यावरची टोपी काढली. "नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, घर आहे."

स्लावेन अगदी मोकळेपणाने बोलला. "पंपात कचरा अडकला, बाई. फ्रानेला विचारा. तो माझा कुम आहे. माझ्यासाठीसुद्धा तो खोटं बोलणार नाही."

कुमचे नाते आमच्याकडे फार मोठे. लग्नात नवऱ्याच्या शेजारी जो उभा राहतो तो कुम, आणि पुढे बाप्तिस्म्याच्या वेळी लेकराला जो हातांवर घेतो तोही कुम. फ्रानेने स्लावेनसाठी दोन्ही केले होते. सख्खे भाऊ जमिनीवरून बोलेनासे होतात, पण कुम कुमविरुद्ध गेलेला गावात कुणाच्या ऐकिवात नव्हता. फ्रानेला मूलबाळ नव्हते. स्लावेनची मुलगी मारिया हेच त्याचे लेकरू. रविवारी तो तिच्यासाठी अंजिरे घेऊन जाई. आता सगळे त्याच्या एका शब्दावर अडले होते. तो "कचरा" म्हणाला असता तर तोन्का खोटी ठरली असती, तिला नोकरी सोडावी लागली असती आणि पुढच्या आगीत पाणी कुणाच्या मर्जीवर आहे हे सगळ्यांना कळून चुकले असते.

फ्रानेला आत बोलावून बाई जरा बाहेर गेल्या तेव्हा स्लावेन आत आला.

"कुम, दोन शब्दांचं काम आहे. कचरा अडकला. एवढंच."

"मारियाला मी याच हातांनी धरलं होतं," फ्राने म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय. तिच्या बापाची नोकरी आहे ही."

बाई परतल्या, स्लावेन निघून गेला, दार लागले. फ्राने माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला. त्याचे हात गुडघ्यांवर होते.

"पंपात कचरा अडकला होता?" बाईंनी विचारले.

बाईंनी घाई केली नाही. मला खडखडाट करावासा वाटत होता, पण खाली जाळ नसला की मी मुकाच.

"पंपात काहीही अडकलं नव्हतं," तो म्हणाला. "पंप माझ्या हातात होता. बंद कर असं स्लावेननं सांगितलं. आणि बंद मी केला. दोन्ही लिहा, बाई. माझंही लिहा."

"पाणी पुन्हा सोडायलाही त्यांनीच सांगितलं?"

"नाही. ती विनवायला लागली, तेव्हा मीच सोडलं. इतकी वर्षं मी त्या दांड्यावर आहे. आगीसमोरच्या माणसानं पाण्यासाठी विनवणी केलेली मी कधी ऐकली नव्हती. तिथे पाणी मागायचं नसतं हो. ते द्यायचंच असतं." आणि तो म्हातारा माणूस तोंडावर हात घेऊन रडला. नळ बंद होता, त्यामुळे बाहेर ऐकू गेले असणार.

निकाल लागला. स्लावेनचे प्रमुखपद गेले आणि त्याची दुसऱ्या केंद्रात बदली झाली. तिथे त्याच्या हाताखाली कुणी नव्हते. फ्रानेलाही शिक्षा झाली, त्याला काही काळ पंपावरून काढले. ती त्याने मान खाली घालून घेतली. दुसरी शिक्षा कुठल्याच कागदावर नव्हती. चर्चमधल्या मारियाच्या पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्याचे बोलावणे त्याला आले नाही. त्याने शेजारणीच्या हाती भेट पाठवली, ती न उघडताच परत आली.

केंद्रात आनंदीआनंद झाला असेल असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. "एका बाईपायी दोन कुम तुटले," असे काही जण म्हणत. कुणालाही एकत्र जेवावेसे वाटेना. मला कपाटावर चढवले आणि माझ्यात कांदे भरून ठेवले. कांद्यांना मोड आले, माझ्या कानात कोळ्याने जाळे विणले. आयुष्यभर ज्यांना जेवू घातले त्यांना माझी आठवणही येत नव्हती. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटले.

मग एके दिवशी बार्बा लुक्षा स्टूल घेऊन आले. त्यांनी मला खाली उतरवले, कांदे ओतले आणि स्वतः मला घासायला घेतले. अगदी वाईट घासले. तोन्का दारात येऊन उभी राहिली होती.

"पोरी," ते वळून न बघता म्हणाले, "त्या दिवशी तू काहीतरी विनंती करत होतीस. मी फोनकडे पळालो."

"सगळ्यांसमोर काढू नका, एवढंच सांगायचं होतं."

"मी ऐकून घ्यायला हवं होतं. चुकलं माझं."

"हो," तोन्का म्हणाली. "जाऊ द्या" असे ती म्हणाली नाही, आणि ती ते म्हणाली नाही याचे मला बरे वाटले. कारण गेले काहीच नव्हते. तिचा कान अजून सुरकुतलेला होता.

कोठीला आतून कडी बसली. मला घासायच्या पाळ्या सगळ्यांत वाटल्या गेल्या. मारेंदा पुन्हा सुरू झाली. तोन्का मात्र टेबलावर येत नसे. ती बाहेर कठड्यावर उन्हात बसून आपला पाव खाई. एकदा रोको तिला बोलवायला उठला, तर बार्बांनी त्याला खाली बसवले. "तिला जिथं बसायचं तिथं बसू दे," ते म्हणाले. "आपण फक्त तिचा वाटा ठेवायचा." आणि रोज माझ्या तळाशी एक वाटा राहू लागला. बहुतेक वेळा तो मांजरांना मिळे.

मित्रांनो, मी भांडे आहे, सगळे एकत्र जेवले की मला सुख होते. म्हणून मलाही वाटायचे की तिने लवकर यावे, झाले गेले विसरावे. पण माझ्या सुखासाठी तिने का विसरावे? तुमच्या शाळेत, उद्या तुमच्या कचेरीत कुणी हळूच येऊन "दार लावू का?" असे विचारले, तर उठून आधी दार लावा. शेवटपर्यंत ऐका. त्याला काय हवे आहे ते विचारा. आणि बोलल्याबद्दल नंतर त्याला कुणी उपाशी ठेवत नाही ना, ते रोज बघत राहा. मला पोचे पडले तर ते दिसतात. माणसांना पडलेले दिसत नाहीत, म्हणून त्यांना जास्त जपावे लागते.

मला आणखी एकच दिवस सांगायचा आहे. फ्रानेची स्वयंपाकाची पाळी होती आणि माझ्यात घेवडा शिजला होता. सगळ्यांनी वाढून घेतले होते. तोन्का आत आली, तिने बशी घेतली, डाव घेतला, वाढून घेतले आणि टेबलाच्या टोकाला बसली. तिने एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि थेट फ्रानेकडे बघत म्हणाली,

"मीठ कमी आहे."

सगळ्यांचे चमचे थांबले. फ्रानेने आपल्या बशीतला एक घास तोंडात घेतला आणि सावकाश गिळला.

"आहे खरं कमी," तो म्हणाला. तो उठला, मिठाची बरणी घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवली.

मित्रांनो, कुणी येऊन सांगितले की काहीतरी कमी आहे, तर रागावण्याआधी तुम्हीही एक घास चाखून बघा.